जमिनीवर चालवलेलं इंजिन

जुनं इंजिन गाडीत बसवण्याआधी ते जमिनीवर चालवून बघायचं, हा माझा नियम. शाळेशी माझं जमलं नाही, तेव्हा हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही. एकदा न बघता बसवलेलं इंजिन ज्या माणसांनी चढवलं त्यांनीच आठवड्यात खाली उतरवलं, आणि उतरवताना त्यांनी माझ्या खानदानाचा जो उद्धार केला, तिथं मी हा नियम शिकलो.

लढाईचे दिवस होते. नवं सामान मिळत नव्हतं, पेट्रोल चिठ्ठीवर. आमच्या शेठची एक सर्व्हिस मोटर नंदुरबार ते धानोरा चालायची. तिचा ड्रायव्हर मी, मिस्तरी मी, धुणारा-पुसणाराही मीच. शेठ मूळचे मारवाडातले. घराणं मिरचीच्या व्यापारातलं, बोलणं मात्र आमच्यासारखं अहिराणी. त्या पावसाळ्यात मोटरीचं इंजिन जे बसलं ते उठलंच नाही. शेठनी सांगून टाकलं, सारंगखेड्याच्या जत्रेआधी मोटर रस्त्यावर आली तर ठीक, नाहीतर भंगारात देईन आणि शेडमध्ये मिरचीची पोती भरीन.

म्हणजे मी परत गावी, भावाच्या नांगरामागं. भाऊ वाटच बघत होता. "मोटर काय नि बैल काय, शेवट हाकनंच शे ना?" म्हणायचा. त्याला काय सांगणार? मोटर सुरू झाली की तिचा थरथराट चाकावरून हातात यायचा, हातातून छातीत. बैलाचं असं होत नाही. बैलाची निंदा नाही करत मी, पण होत नाही.

सुरतेकडच्या एका मोडीत निघालेल्या लॉरीचं इंजिन मी स्वतः निवडून मालगाडीनं आणलं. शेठना वाटलं, आता उद्या बसवणार. मी म्हटलं, आधी जमिनीवर चालवणार.

"आरे मिस्तरी, गाडी जागावरथीन हालावं नही आन पेट्रोल जळी जाई! हाई कोनता न्याय?"

"शेठ, पोऱ्याले नवरी आनतस ती देखीसनच आनतस ना?"

"नवरी देखाले पेट्रोल नही लागत!"

दोन दिवस आमचं हेच. मी ऐकत नाही हे त्यांना माहीत होतं, आणि ते शेवटी देतात हे मला. बाटलीभर पेट्रोल मिळालं, आणि जागा मिळाली शेठच्या मिरचीच्या पथारीच्या कडेला. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. ठोकून सपाट केलेली तशी दुसरी जमीन जवळ नव्हती. जागा शेठनी दिली, हे मी आजही सांगतो.

तयारी माझी पक्की होती. मोकळं इंजिन सुरू झालं की उडी मारतं, हे लोकांना खरं वाटत नाही. बाभळीचे दोन जाड ओंडके जमिनीत गाडून त्यावर बोल्टांनी इंजिन आवळलं, वरून साखळी. पेट्रोलची बाटली दूर खांबाला टांगली आणि तिथून रबरी नळी आणली, म्हणजे ठिणगी उडाली तरी बाटलीपर्यंत जायला नको. धुराचा पाइप माणसांपासून लांब वळवला. रेडिएटर नव्हता, म्हणून पाण्याचं पिंप उंचावर ठेवून इंजिनाला जोडलं. वाळूची बादली भरून ठेवली. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही, नाहीतर उलटा झटका बसला की मनगट गेलं. पंखा मात्र काढता येईना, कारण पाण्याचा पंप आणि पंखा एकाच पट्ट्यावर.

शेठ, त्यांचे मुनीम आणि बाजारातले चार रिकामे लोक इंजिनाच्या मागच्या अंगाला उभे राहिले. पुढच्या अंगाला मिरची पसरलेली. तिच्यात बाया काम करत होत्या, तोंडाला फडकी बांधून.

तिसऱ्या हँडलला इंजिन बोललं. काय आवाज होता! मी शेठकडं बघून मिशीवर हात फिरवला. मग जरा वेग वाढवला.

इंजिनाचा पंखा पुढची हवा ओढतो आणि मागं फेकतो. पुढच्या अंगाला काय पसरलेलं होतं ते सांगितलंच आहे. वाळलेल्या मिरचीची भुकटी, बिया, सालं, सगळं उठलं, इंजिनावरून गेलं आणि मागच्या मंडळींच्या तोंडावर बसलं. मुनीमजी पागोटं सोडून पळाले. बाजारचे लोक शिंकत शिंकत एकमेकांवर आपटले.

"बंद कर! मरी गवू रे बाप!" शेठ ओरडले.

"नही करनार!" मी म्हटलं. डोळे मिटलेले, नाकातून धारा. पण पाणी तापल्याशिवाय जुन्या इंजिनाचं खोटं बाहेर येत नाही. थंडपणी सगळीच इंजिनं गुणी असतात. तेवढं पेट्रोल पुन्हा कुठून मिळणार होतं? मी साखळी धरून तिथंच बसलो आणि कानांनी बघायला लागलो. आवाज सरळ होता. पण कानाला सगळंच दिसत नाही.

तेवढ्यात जवळ कुणीतरी आलं. मिरची निवडणाऱ्या बायांमधली एक म्हातारी भिलीण होती, तिला सगळे मावशी म्हणायचे. तिचं सारं आयुष्य त्या ठसक्यात गेलेलं.

"मावशी," मी म्हटलं, "माले काहीच दिसत नही. देख बरं, पानी गळस का कोठे?"

ती सावकाश इंजिनाभोवती फिरली असावी. मग म्हणाली, "भाऊ, तुन्हा इंजिनले घाम येई ऱ्हायना. पन एकच जागे."

"म्हणजे?"

"सगळीकडे भुकटी कोरडी शे. अठे बाजूले वली रेघ शे. बुडबुडाबी येतस."

तिनंच मग माझ्या सांगण्यावरून बाटलीची तोटी फिरवली. इंजिन थोडं खोकून थांबलं. तिनं ओलं फडकं माझ्या डोळ्यांवर दाबलं आणि "चोळू नको, ढोर कुठला," म्हणाली. डोळे उघडले तेव्हा मला दिसलं. सगळं इंजिन लालभडक कोरडं, आणि पाणी फिरतं त्या भिंतीवर केसासारखी बारीक, काळपट ओली चीर.

शेठनाही दिसली. डोळे त्यांचे लाल होतेच, आता चेहराही झाला. "फुटेलच सापडनं का तुले आख्ख्या सुरतमा? बस. दी टाक मोटर भंगारमा."

"शेठ, गाडीमा बसाडं ऱ्हातं तं हाई चीरनी बाजू आतमा दडी जाती. जत्राना लोकं भरीसन अर्ध्या रस्तावर उभा ऱ्हातूत." मी इंजिनातलं तेल काढून दाखवलं, त्यात पाणी नव्हतं. म्हणजे चीर वरवरची, आतल्या सिलिंडरला धक्का नाही. लोखंडाचा कीस आणि कल्हईवाल्याकडचा नवसागर पाण्यात कालवून चिरेत भरायचा. तो तिथं गंजतो, फुगतो आणि धरून बसतो. "फक्त वाळना की परत चालाडीसन देखनं पडी."

"परत पेट्रोल?"

"परत."

शेठ पाठ फिरवून गेले. मला वाटलं, संपलं. तरी मी चीर खरवडून भरली, कारण हातानं करायचं ते सोडायचं कशाला?

लेप वाळला त्या दिवशी सकाळी शेठ स्वतः पेट्रोलचा डबा घेऊन आले. हा डबा त्यांनी घरच्या छोट्या गाडीसाठी राखून ठेवला होता, भाचीच्या लग्नाला जायला. मी विचारलं, "मंग लग्नले कसं जाशात?"

"छकडामा," ते म्हणाले. "घरमा शेठानी कालपासून बोलत नही मन्हासंगे. आते तू बी बोलू नको."

या वेळी मी इंजिनाचं तोंड मिरचीकडून बाजूला फिरवलं. पाणी तापलं, पिंपातून वाफ निघायला लागली. शेठनी वाकून भरलेल्या चिरेवर धोतराचा सोगा दाबला आणि उचलून बघितला. कोरडा. पुन्हा दाबला. कोरडा.

"बसाड आते गाडीमा," ते म्हणाले.

"अजून नही. डबामातलं पार सरू द्या."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की दुसरा असता तर पळाला असता. मग उपरणं झटकून ते माझ्याशेजारी ओंडक्यावर बसले, आणि आम्ही दोघं ते इंजिन ऐकत राहिलो.