कुंकवाखालची चीर

अन्याय झाला तो माझ्या सख्ख्या काकावर. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नावड्याजवळच्या सॉ मिलमध्ये दिवसाचा पहिला ओंडका पट्ट्याला लागला तेव्हा. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. त्याच क्षणी माझ्या वडिलांचा उजवा हात कोपराखाली गेला, म्हणून अन्याय त्यांच्यावर झाला असं सगळे धरून चालतात. झालाच. पण त्यांना कोणी गुन्हेगार ठरवलं नाही. काकाला ठरवलं, आणि ठरवणाऱ्यांत पहिले माझे वडील होते.

मी चळवळीची पत्रकं लिहिणारी. पत्रकात एक बाजू पुरते. हे एका बाजूत मावत नाही.

सरकारनं नव्या शहरासाठी आमच्या जमिनी घेतल्यावर दोघे भाऊ त्या मिलमध्ये लागले. वडील ओंडका ढकलायचे. काका पट्ट्याला धार लावायचा. पट्टा म्हणजे दोन चाकांवर गरगर फिरणारी, एका कडेला दात असलेली पोलादाची लांब पट्टी. लाकूड कापून दात बोथट झाले की काका पट्टा उतरवायचा, एकेक दात कानशीनं घासायचा, एक डावीकडे एक उजवीकडे असा मुरडायचा आणि परत चढवायला द्यायचा. प्रत्येक धारेला पट्टा थोडा अरुंद होतो. दातांच्या बेचक्यात चीर गेली तर काका चिरेच्या टोकावर पंच, म्हणजे पोलादी टोच्या, ठेवून हातोडी मारायचा. त्या खड्ड्यापाशी चीर काही दिवस थांबते. काही दिवसच. मग पट्टा बदलावा लागतो. शेठला हे ठाऊक होतं, पण त्याचं एकच पालुपद: "अरे, अजून चालेल हा. मार धार!"

तरी मिलची एक रीत होती, आणि ती शेठसुद्धा पाळायचा. दसऱ्याला थकलेला पट्टा उतरवून, गोल गुंडाळून पाटावर ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, झेंडूचा हार घालायचा. पाटावर बसलेला पट्टा पुन्हा मशीनवर चढायचा नाही. दुसऱ्या दिवशी नवा यायचा आणि जुन्याचे तुकडे कामगारांच्या घरी जायचे. आमच्या आळीतली प्रत्येक विळी, प्रत्येक कोयता त्या पट्ट्यांचा. आई जिताडा मासा कापायची तीही काकानं बनवलेल्या विळीवर.

त्या वर्षीच्या पट्ट्याला, टोकं जोडलेली असतात त्या जोडाजवळ, चीर होती. काकानं पंच मारला, शेठला बोलावलं आणि त्याचं बोट धरून चिरेवरून फिरवलं. बाकी कामगार बघत होते; वडील तेवढे बाहेर ओंडके उतरवत होते.

"शेठ, ह्याच्यान आता जीव नाय. ह्यो उतरवाचा."

"दसरा तोंडावर आलाय. तेव्हाच उतरव ना. पूजेला बसव."

दसऱ्याला काकानं तो पाटावर मांडला. सगळ्यांनी बोटभर कुंकू लावलं. काकानं मात्र अंगठा भरून घेतला आणि नेमका त्या चिरेवर, त्या खड्ड्यावर दाबला. मी नंतर विचारलं, तिथंच का? म्हणाला, "दुखलेलं होतं ना तिथं, बाय. जाताना तरी हात फिरवावा."

दुसऱ्या दिवशी नवा पट्टा आला नाही. मागवलाच नव्हता. काका मागच्या शेडमध्ये कानशी पुसत बसला होता. पुढच्या बाजूला, मशीनपाशी, शेठनं वडिलांना सांगितलं, "पट्टा तयार आहे. तुझ्या भावानेच करून ठेवलाय. चढव."

वडिलांनी चढवला. भावानं दिलेला पट्टा त्यांनी कधी तपासला नव्हता. आणि तपासायचा तर कुंकू पुसावं लागलं असतं. पूजेचं कुंकू आमच्यात कोणी पुसत नाही. इतर हत्यारांवरचं ते कामात आपोआप उडून जातं म्हणतात. मशीनचा आवाज ऐकून काका धावत आला. त्याचं "बंद कर! बंद कर!" सगळ्या मिलनं ऐकलं. पण त्याआधीच पट्टा तुटून सुटला होता.

हात तिथंच गेला. आणि वडील इस्पितळात असतानाच शेठनं चौकशीला आलेल्या साहेबाला सांगून टाकलं, धार लावणाऱ्यानं तयार म्हणून दिला होता, माझा विश्वास बसला. कामगार उभे होते. शेठचं बोट चिरेवरून फिरलं तेव्हाही तेच उभे होते. एकानंही तोंड उघडलं नाही. त्यांच्यातल्या एकाच्या घरी मी भांडायला गेले तेव्हा तो म्हणाला, "शेत असतं ना पोरी, तर बोललो असतो." मी उठून आले.

काकाला काढलं. दुसऱ्या मिलमध्ये गेला तर फाटकावरच हाळी: "आला रे, भावाचा हात कापणारा! पट्टे लपवा!" लोक हसले. काका परत फिरला. नंतर त्यानं कानस हातात धरली नाही.

वडील घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले.

"शेठ खोटं बोलला, बाबा. काकानं पट्टा दिलाच नव्हता."

"तू व्हतीस तिथं?"

"काका सांगतो ना."

"काका सांगतो." ते भिंतीकडे बघत राहिले. "मंग मना एक सांग. त्या चिरेवर कुंकू कोणी लावलं?"

"काकानं. पण बाबा, पाटावरचा पट्टा परत चढत नाय, तुम्हालाही माहीत हाय."

ते उठून आत गेले. मला वाटलं, पटतंय. आता कळतं की पटलं असतं तर त्यांना स्वतःकडे बघावं लागलं असतं: पाटावरचा पट्टा त्यांनीच उचलला होता. हात गमावलेल्या माणसानं हेही उचलायचं? त्यापेक्षा भावाला गमावणं सोपं. आणि शेठला नेमकं हेच हवं होतं. दोन भाऊ एकमेकांकडे बोट दाखवत बसले की त्याच्याकडे दाखवायला बोट उरत नाही.

आमची घरं एकमेकांना लागून. ओटा एकच. त्यावर वडिलांनी विटांची रांग लावून घेतली.

पुढच्या दसऱ्याला काका विटा ओलांडून आला. हातात आपट्याची पानं. धाकटा भाऊ थोरल्याला सोनं देतो, पाया पडतो, एवढंच. आई दारात उभी. काकानं पानं पुढे केली.

"दादा, सोनं घे."

वडिलांनी उजव्या बाहीकडे पाहिलं. रिकामी, गाठ मारलेली.

"डाव्या हातानं सोनं घेत नायत."

काकानं पानं ओट्यावर ठेवली, पायांना हात लावला आणि गेला. संध्याकाळपर्यंत ती कोणी उचलली नाहीत. शेळीनं खाल्ली.

ती विळी अजून आमच्या घरात आहे. धार गेली. वडील ती काकाकडे जाऊ देत नाहीत, काका मागत नाही. आई मासळी कापत नाही, ओरबाडते. मी पत्रक काढलं, शेठच्या मिलच्या फाटकावर वाटलं. वडील त्याच फाटकावर शेठनं दिलेल्या स्टुलावर वॉचमन म्हणून बसलेले. त्यांनी माझ्या हातून पत्रक घेतलं नाही.

आणि तो पट्टा? शेठनं चिरेचा तुकडा कापून काढला, टोकं जोडून घेतली आणि पुन्हा चढवला. दुसरा माणूस धार लावू लागला. दुसरा माणूस ओंडका ढकलू लागला.

काकाचं नाव धुऊन निघेल असं मला आता वाटत नाही. तुमच्याकडे मी ते मागतही नाही. पण नव्या शहरातल्या तुमच्या फ्लॅटची दारं-खिडक्या अशाच पट्ट्यांवर कापली जातात. तेव्हा लाकूड घ्यायला वखारीत जाल त्या दिवशी मशीन बंद करायला लावा. पट्टा उतरवायला लावा. त्यावर कुंकू असेल तर स्वतःच्या हातानं पुसा, पाप लागलं तर ते माझ्यावर घाला, आणि खाली बघा. चीर दिसली, पंचाचा खड्डा दिसला, तर तिथून एक फळीसुद्धा उचलू नका. आणि ओंडक्याशी उभ्या असलेल्या माणसाला तो खड्डा दाखवा. त्याच्या भावावर बोट उठायच्या आधी तुम्ही दाखवा.