लाथ मारणारे म्हातारे

लोहाऱ्यातल्या एका शाळेत तेहतीस वर्षं शिपाई म्हणून राबून निवृत्त झालेल्या महारुद्र बिराजदारला आपल्या दोन लेकींच्या वाढदिवसाच्या तारखा दरवर्षी बायकोला विचाराव्या लागत. पण कराटेच्या पिच्चरमधल्या दोन परदेशी नटांचं वय तो महिन्यासकट सांगायचा. त्यातला एक सत्तरीचा, दुसरा त्याच्याहून दोनेक वर्षांनी लहान. त्यांची खरी नावं महारुद्रला नीट उच्चारताही यायची नाहीत. चाळीस वर्षांपूर्वी पोरांनी ठेवलेली नावंच त्याच्या तोंडात बसलेली. मार खातानाही दात काढणारा तो हसऱ्या आणि मांजरासारख्या डोळ्यांचा तो घाऱ्या.

सकाळी चहा झाला की महारुद्र ओसरीत पाय लांब करून बसे. उजवा गुडघा वाकायचा नाही, म्हणून खाली गोणपाटाची घडी. मग मोबाईलवर हे दोघं आता कसे दिसतात, ते बघायचं. हसऱ्या कुठल्या कार्यक्रमात पायरी चढताना दुसऱ्याचा हात धरतो असं दिसलं की महारुद्रचा दिवस चांगला जाई. तो ती चित्रफीत दोन-तीनदा बघे आणि बायकोला म्हणे, "बघ, थकला." पण दुसऱ्या दिवशी तोच हसऱ्या नव्या पिच्चरच्या तुकड्यात टेबलावरून उडी मारून दोघांना लोळवताना दिसला की महारुद्र बायकोला हाक मारायचा. हा खरा तो नव्हेच, बदली माणूस आहे, तोंड संगणकावर चिकटवलंय, असं तो तासभर सांगत बसे.

"त्या म्हाताऱ्यानं तुमचं काय घोडं मारलंय?" बायको कमलबाई एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. महारुद्रला उत्तर द्यायचं म्हटलं असतं तर फार मागं जावं लागलं असतं.

शहाऐंशी साली लोहाऱ्यात बाजाराच्या मागं पत्र्याचा एक व्हिडिओ हॉल होता. पुढं भूकंपात त्याची भिंत गेली आणि तो पुन्हा उभा राहिलाच नाही. पण तेव्हा तिथं बसायला जागा मिळायची नाही. महारुद्र आणि त्याचा दोस्त रेवणप्पा एकच पिच्चर आठवड्यात चारदा बघत. भाषा कळायची नाही, कळायची गरजही नव्हती. हसऱ्या कोणत्या पायावर उभा राहतो, कंबर कधी वळवतो, हात कुठं ठेवतो, एवढंच महारुद्र बघायचा. मग रेवणप्पाच्या खळ्यावर दोघं तेच करत. महारुद्रला ते लवकर जमलं. गरकन फिरून खांद्याच्या उंचीवर मारायची एक लाथ त्यानं अशी बसवली की पोरं तिला भोवरा म्हणू लागली. झाडाच्या फांदीला टांगलेलं मडकं तो भोवऱ्यानं फोडायचा, आणि खापऱ्या खाली पडायच्या आधी पुन्हा दोन्ही पायांवर उभा असायचा. रेवणप्पाला मात्र वर्षभर नुसता तोलच सापडत नव्हता. त्याला महारुद्रनंच हाताला धरून, शिव्या देऊन शिकवलं.

नव्वद साली अणदूरच्या खंडोबाच्या जत्रेत महारुद्रनं खेळ करून दाखवायचं ठरवलं. लाकडी फळ्यांचं स्टेज बांधलेलं, भोवती माणूसच माणूस. त्यानं भोवरा घेतला, पण खालचा पाय दोन फळ्यांच्या फटीत अडकला. अंग फिरलं, पाय फिरला नाही. ओली काठी मोडावी तसा आवाज झाला. तो आवाज पहिल्या रांगेतल्या बायकांनीही ऐकला. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, तीन महिने खाटेवर काढले, आणि महारुद्र उठला तो कायमचा लंगडा. वर्षभरात शाळेत शिपायाची नोकरी लागली. घंटा वाजवायची, फायली न्यायच्या, मुलांना रांगेत उभं करायचं.

हसऱ्याही पडला होता. कितीदा पडला, कुठकुठलं हाड मोडलं, हे तो मुलाखतीत हसत हसत सांगायचा आणि समोरचे लोक टाळ्या वाजवायचे. महारुद्रला सगळ्यात जास्त तेच झोंबायचं. त्याची मोडकी हाडंसुद्धा जगाला पाठ होती. त्याचं म्हातारपण लोक कौतुकानं बघत होते, आणि महारुद्रचं तारुण्य दोन-चार गावांबाहेर कुणी बघितलंच नव्हतं.

एवढं असूनही हसऱ्या समुद्रापलीकडचा होता. त्याचा हेवा करण्यात एक सोय होती. तो काही बाजारात समोरून येणार नव्हता. गेल्या उन्हाळ्यात मात्र हेव्याला गावातलाच माणूस मिळाला.

रेवणप्पाच्या पुतणीचं, शिवप्रियाचं लग्न होतं. वरातीत कुणीतरी चिडवलं म्हणून एकोणसाठ वर्षांच्या रेवणप्पानं धोतराचा काचा मारला आणि भोवरा घेतला. एकानं हातात उंच धरलेला फेटा लाथेनं उडवला. शिवप्रियाच्या मैत्रिणीनं ते मोबाईलवर टिपलं. चार दिवसांत दोन लाख लोकांनी बघितलं. खाली लोकांनी लिहिलं, मराठवाड्याचा कराटेकिंग, हाडं लोखंडाची आहेत काय. मग धाराशिवहून एक पोरगा माईक घेऊन आला. त्यानं विचारलं, ही लाथ कुठं शिकलात? रेवणप्पा कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "पिच्चर बघून शिकलो."

महारुद्रनं ते वाक्य पुन्हा पुन्हा ऐकलं. प्रत्येक वेळी त्याला वाटे, पुढं आपलं नाव येईल. पुढं रेवणप्पा हरभऱ्याच्या उसळीचे गुण सांगत होता.

त्यानंतर हसऱ्या आणि घाऱ्या मागं पडले. महारुद्र आता रोज रेवणप्पाच बघू लागला. जावळीच्या वाटेवर रेवणप्पा सकाळी सराव करायचा आणि त्याच्या नव्या चित्रफिती येत राहायच्या. दुसऱ्याच आठवड्यात महारुद्रच्या नजरेनं एक गोष्ट हेरली. लाथ मारताना रेवणप्पाची खालच्या पायाची टाच फिरत नव्हती. तरुणपणी ती फिरायची. आता वयानं कंबर आखडलेली, म्हणून सगळा पीळ गुडघ्यावर येत होता. लोकांना वर उडालेला पाय दिसत होता, महारुद्रला जमिनीवरचा.

तो नकळत कमलबाईला बोलून गेला, "ह्याचा पाय जाणार."

"मग सांगा की त्येंला."

"म्या कशाला सांगू? पिच्चर बघून शिकलाय न्हवं? पिच्चरवाले सांगतील."

कमलबाईनं हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघितलं. "जत्रेत तुमचा पाय गेला तवा तुमाला पाठीवर घेऊन कोण पळालं व्हतं?" एवढंच बोलून ती आत गेली.

रेवणप्पाच पळाला होता. डांबरी सडकेपर्यंत. महारुद्रला ते आठवत नव्हतं असं नाही. पण आठवूनही तो दोन आठवडे गप्प बसला. रोज चित्रफीत लावायची, टाच बघायची आणि मोबाईल उलटा ठेवायचा. आतून एक बारीकसा गोड विचार यायचा की आज होईल, नाहीतर उद्या. त्या विचाराची लाज वाटायची, तरी तो सकाळी पुन्हा यायचा.

मग तालुक्यातल्या पोरापोरींच्या कराटे स्पर्धा लोहाऱ्यात, महारुद्रच्याच शाळेच्या मैदानावर भरल्या. प्रमुख पाहुणा रेवणप्पा. महारुद्रला निमंत्रण द्यायला तो स्वतः आला होता, पण महारुद्र आतून बाहेर आला नाही. कमलबाईनंच चहा दिला. शेवटी बघावं तरी म्हणून तो गेला आणि तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसला. ज्या मैदानावर त्यानं इतकी वर्षं रांगा लावल्या, तिथं त्याच्याशी बोलायला थांबणारी दोन-तीनच माणसं निघाली.

सत्कार होण्याआधी रेवणप्पा मंडपाच्या कडेला अंग मोकळं करत होता. महारुद्रच्या खुर्चीवरून ते नीट दिसत होतं. दोन लाथा मारून झाल्यावर रेवणप्पानं कुणाचं लक्ष नाही असं बघून गुडघा दोन्ही हातांनी दाबला. महारुद्रला आधी बरं वाटलं, अगदी उन्हातून सावलीत आल्यासारखं. मग रेवणप्पाचं तोंड दिसलं. दुखणं लपवणाऱ्या माणसाचं ते तोंड महारुद्र आरशात रोज बघत होता.

शाल-श्रीफळ झालं. दोन पोरींनी खांद्याच्या उंचीवर पातळ फळी धरली. रेवणप्पा गादीवर उभा राहिला. माईकवाला मोठमोठ्यानं आकडे मोजू लागला. रेवणप्पाचा खालचा पाय गादीत रुतला होता, बोटं पुढं, टाच मागं, अगदी तशीच. महारुद्रच्या कानात ओली काठी मोडली. तो उठला कधी, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

"टाच!" तो ओरडला. "रेवण्या, टाच फिरव! सुक्काळीच्या, कितींदा सांगू?"

सगळा मंडप मागं वळला. माईकवाला थांबला. हे आपण दयेनं ओरडलो, की ह्या चारशे लोकांना कळावं की ह्याला येत नाही म्हणून ओरडलो, हे महारुद्र पुढंही कधी ठरवू शकला नाही. दोन्ही होतं म्हणायचं.

रेवणप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग पाय उचलून पुन्हा ठेवला, टाच थोडी सैल केली आणि फिरला. टाच फिरली, कंबर फिरली, फळीचे दोन तुकडे मागच्या रांगेपर्यंत गेले. टाळ्यांनी मंडप दणाणला. इतका साफ भोवरा रेवणप्पानं जन्मात मारला नव्हता. खाली बसताना महारुद्रच्या मनात आलं, आपणच ह्याला शिकवून आणखी मोठा केला. तो कार्यक्रम संपण्याआधीच निघाला.

मंडपाच्या बाहेर चप्पल शोधतोय तोवर रेवणप्पा गळ्यातला हार काढत मागून आला. थोडा लंगडत होता.

"तुझं नाव घ्यायला पायजे व्हतं," तो म्हणाला. "त्या माईकवाल्या पोराम्होरं. म्या मुद्दाम घेतलं न्हाय."

महारुद्रला चप्पल सापडली, त्यानं ती उचलली.

"नाव घेतलं की लोक म्हणणार, महारुद्राचा भोवरा बघायला पायजे व्हता, त्याची सर न्हाय. पस्तीस वर्सं ऐकतोय म्या. तू खाटंवर पडला व्हतास तवाबी लोक मला हेच म्हणत. एकदा तरी तुझ्याबिगर व्हावं वाटलं."

महारुद्र चप्पल हातात घेऊन उभा राहिला. ज्याचा हेवा करायचा, त्यानंच आयुष्यभर आपला हेवा केला हे ऐकून त्याला राग यायला हवा होता. राग आला नाही. उलट आतून काहीतरी सुखावलं, आणि ते रेवणप्पाला दिसू नये म्हणून तो वाकून चप्पल घालू लागला.

"गुडघा किती दिसांपासून दुखतोय?" त्यानं विचारलं.

"म्हैना झाला."

"मला ठावं हाय. दोन हप्ते झालं, दिसत व्हतं मला." महारुद्रनं चपलेचा अंगठा ओढून नीट बसवला. मग म्हणाला, "म्या बोललो न्हाय."

रेवणप्पानं काढलेला हार गुंडाळून बगलेत धरला. "फिट्टंफाट झाली मग," तो म्हणाला.

डॉक्टरांनी रेवणप्पाला लाथा बंद करायला सांगितल्या. चित्रफिती थांबल्या, लोकही त्याला विसरू लागले. आता तो दुपारची जेवणं झाली की महारुद्रच्या ओसरीत येऊन बसतो. दुसरं गोणपाट कमलबाईनंच दिलंय. परवा दोघांनी हसऱ्याचा नवा पिच्चर लावला. महारुद्र म्हणत होता, ही उडी बदली माणसाची. रेवणप्पा म्हणत होता, न्हाय, त्याचीच. वाद बराच वाढला. कमलबाई आतून दोनदा रागावली.

पिच्चरमध्ये मारामारी संपली. हसऱ्या खुर्चीवरून उठला, आणि उठताना त्यानं गुडघ्यावर हात टेकला. महारुद्रनं चित्र थांबवलं. दोघंही त्या हाताकडं बघत राहिले. हा नाटकातला हात नव्हता, एवढं दोघांनाही समजत होतं.

"थकलं रं," रेवणप्पा म्हणाला.

"हं," महारुद्र म्हणाला. मग मोबाईल डोळ्यांजवळ नेऊन त्यानं निरखून बघितलं. "पर केस बघ की लेकाचे. अजून केवढे दाट हायेत."