सही मास्तरांची

मास्तर कोणाला आधी नाव विचारायचे नाहीत. पहिला प्रश्न, "कोणाच्या घरातला तू?" त्यांच्या वसईच्या गावात एकाच नावाची पाच-पाच माणसं. घर कळलं की माणूस कळायचा. शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्यावर ते एव्हरशाईन सिटीतल्या आमच्या छोट्या कंपनीत आले. तिथेही तेच. "बाय, ही माहिती कोणाची? तिचं घर कुठलं?"

दवाखान्यांच्या सॉफ्टवेअरसाठी आम्ही लायब्ररी लिहीत होतो, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्रॅमला जोडायचा तयार कोड. मास्तरांना रिलेशनल डेटाबेस हवा होता. पेशंटचं एक टेबल, भेटींचं दुसरं, दोघांमधलं नातं पक्कं. वहीत पट्टीने रेघा मारून सगळी टेबलं आखलीही होती त्यांनी.

मी नायगावची, नुकती पास झालेली, कानात वारं शिरलेली. तेव्हा नॉन-रिलेशनल डेटाबेसची नवलाई होती. टेबलांची कटकटच नाही. प्रत्येक भेटीसोबत पेशंटची सगळी माहिती ठेवायची, झटकन उघडते.

"मास्तर, जग कुठे चाललंय बघा जरा!"

"जाऊ दे की. पण एकाच बाईची माहिती दहा ठिकाणी ठेवलीस आणि एका ठिकाणी बदलली, तर उरलेल्या नऊ ठिकाणी कोण सांगणार?"

"मी कोड लिहीन ना!" डोंबलाचा कोड! आठ दिवस मी तोंड फुगवून बसले. शेवटी त्यांनाच बघवेना. "कर तुझ्या मनासारखं. पण तो कोड आधी लिही," असं म्हणून त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. मी मात्र आज लिहू, उद्या लिहू करत राहिले.

अर्नाळ्याच्या एका दवाखान्यात एका कोळीणबाईने सांगितलं, अमुक इंजेक्शन मला सोसत नाही. नोंद झाली, पण फक्त त्या भेटीत. पुढच्या खेपेला नर्ससमोर त्याच्याही आधीची भेट उघडली. तिथे काहीच नव्हतं. तेच इंजेक्शन दिलं गेलं. बाई वाचली, पण चार दिवस ऑक्सिजनवर होती.

मालकांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. "हे कोणी ठरवलं?"

मास्तर म्हणाले, "मी. सही माझीच आहे." माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्याच दिवशी त्यांना काढलं. जिन्यात मी रडायला लागले, तर म्हणाले, "रडू नकोस. अर्नाळ्याला जा, त्या बाईला भेटून ये." मी गेले नाही. हिंमतच झाली नाही.

लायब्ररी नव्याने लिहायचं काम मालकांनी मलाच दिलं. मास्तरांच्या वहीतली टेबलं मी जशीच्या तशी उतरवली आणि शाबासकीही घेतली. निर्लज्जपणा म्हणतात तो हाच.

काही वर्षांनी मास्तर गेले. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात त्यांची मुलगी माझा हात धरून म्हणाली, "पपांच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली हो. ती शेवटपर्यंत मनाला लावून घेतली त्यांनी."

तेव्हाही मी गप्पच राहिले.