बाबांच्या फिटरचं तळ्याकाठचं गाव

दोन हजार वीसच्या जानेवारीत बाबा डब्लिनला आले ते मला भेटायला, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं तर ते इटलीला निघाले होते, मी आपली वाटेत होते.

उत्तर इटलीत एका तळ्याकाठी लहानसं गाव आहे. मी शाळेत असताना तिथला एक फिटर इचलकरंजीच्या कारखान्यात नवे माग बसवायला आला होता. बाबाही त्याच कारखान्यात फिटर. एकमेकांची भाषा येत नव्हती, पण महिनाभर दोघांचं खाणाखुणांवर छान भागलं. तो आमच्याकडे जेवायला यायचा, तांबड्या रश्शाने घामाघूम व्हायचा आणि पुन्हा वाटी पुढे करायचा. दसऱ्याला बाबांनी त्याच्या पान्यांनाही हळदकुंकू वाहिलं, तेव्हा तो हात जोडून उभा राहिला. पुढे दर नाताळाला त्याचं कार्ड यायचं. एका बाजूला तळ्याचा फोटो, मागे फोन नंबर आणि मोडक्या इंग्रजीत एकच ओळ, आता तुम्ही या.

आई गेल्यावर बाबांनी जायचं ठरवलं आणि तसं पत्र त्या फिटरला टाकलं. बॅगेत त्याच्यासाठी टॉवेल-टोपी आणि कोल्हापुरी फेटा. फेब्रुवारीत जाऊ म्हणाले. मी म्हटलं, रजा मिळत नाहीये. हे खोटं होतं. रजा मी मागितलीच नव्हती. एवढ्या थंडीत काय तळं बघायचं, एप्रिलमध्ये गेलं तर माझीही सुट्टी सार्थकी लागेल, असा माझा शहाणपणा. म्हातारी माणसं थांबतात, हे मी धरूनच चालले होते.

मार्चमध्ये लॉकडाउन लागला, माझं चेरीवूडचं ऑफिस बंद झालं आणि क्लोनडॉकिनच्या घरात आम्ही दोघं अडकलो. बाबा दिवसभर टीव्हीवर इटलीच्या बातम्या बघायचे. नकाशा आला की चष्मा सारखा करून पुढे सरकायचे. बंद करा ते, म्हणून मी खेकसायचे. मला त्या नकाशाकडे बघवत नव्हतं.

एप्रिलमध्ये शेवटी कार्डावरच्या नंबरला फोन लावला. त्याच्या मुलीने उचलला. तिला इंग्रजी येत होतं. वडील तीन आठवड्यांपूर्वी गेले, म्हणाली. हॉस्पिटलमध्ये कुणालाच आत सोडलं नाही. फेब्रुवारीत त्यांनी पाहुण्यांसाठी वरची खोली आवरून ठेवली होती.

फोन हातात धरूनच मी बाबांना सांगितलं. त्यांनी टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "तिला सांग, आमी येणारच हुतो. पोरीला रजा मिळाली न्हाई. तिचा काय दोष न्हाई त्यात."

ते मी शब्दनशब्द इंग्रजीत सांगितलं. ती रडत रडत म्हणाली, खरंच, तुमचा काहीच दोष नाही. मी तिला थँक यू म्हटलं. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या उन्हाळ्यात प्रवास पुन्हा सुरू झाला. व्हिसाची मुदत वाढत गेल्यामुळे बाबा इथेच होते. मी आठ दिवसांची रजा टाकली, ती तासाभरात मंजूर झाली. चला, आता जाऊन येऊ, मी म्हटलं. बाबा भाजी निवडत होते. हात न थांबवता म्हणाले, "आता तितं कुणाकडं जायचं?"

रजा मी रद्द केली नाही. बाबांना खरं काय ते सांगायचं, म्हणून आठही दिवस घरीच राहिले. ते मात्र रोज सकाळी चहा घेताना म्हणायचे, बरं झालं, या वेळी तरी तुला रजा मिळाली.