तोंड फिरवा, जावईबापू

आमच्या मामासासऱ्यांइतका जपून राहणारा माणूस बारामती-इंदापूर पट्ट्यात दुसरा झाला नसेल. ते पेटीला कुलूप लावत, कुलपावर फडकं बांधत आणि फडक्याची गाठ कुणी सोडली की लगेच ओळखत. घराण्यात पूर्वी मेंढरं होती. पुढे कऱ्हाटीच्या रानात ऊस आला, मेंढरं गेली, पण राखण काही मामांच्या अंगातून गेली नाही.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी बारामतीत इंटरनेटचं दुकान टाकलं. मामांची एकुलती लेक मस्कतला. तिची ई-मेल बघायला ते दर गुरुवारी बाजार उरकून यायचे. पासवर्ड घालण्याआधी फर्मान सुटायचं, "जावईबापू, तोंड फिरवा." दुकान माझं, कॉम्प्युटर माझा, आणि मी भिंतीकडे बघत उभा! बरं, मामा एका बोटाने अक्षरं शोधणार. तोवर माझी मान अवघडायची. शिवाय जाताना दर वेळी पासवर्ड बदलायचे. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "एका रानात लई दिस मेंढरं बसवली की लांडग्याला माग लागतो. वाडा हलवाय लागतोय."

असा वाडा हलवता हलवता एका गुरुवारी तो मामांनाच सापडेना. नेमके लेकीचे दिवस भरलेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. त्यात गावाकडचा फोन बंद. बातमी आली असेल ती त्या कॉम्प्युटरात, आणि मामा बाहेर. शेवटी डोळे मिटून ते मोठमोठ्याने हाका मारू लागले, "काळे! भुरे! बांडे! ठिपके!" जुनी मेंढरं वाड्यातून ज्या क्रमाने बाहेर पडत, त्याच क्रमाने. मामांचे सगळे पासवर्ड ते हेच! इतके दिवस जपलेलं गुपित समोरच्या भाजीवाल्यांनीसुद्धा ऐकलं. मी एकेक नाव घालून पाहिलं. एकही लागेना.

मामा मटकन खाली बसले. मग एकदम उठून माझ्या कानाशी आले.

"चांदी घाला. पोरीनं बाटलीनं दूध पाजून वाढवल्याली कोकरी. ती वाड्यात कुठं हुती? पोरीपाशी घरातच निजायची."

लागलं! लेकीच्या ई-मेलमधला फोटो वरून खाली, सावकाश उतरू लागला. आधी टोपडं, मग कपाळ. "कपाळ आमच्या पोरीचंच हाय," मामा म्हणाले.

मामा आता नाहीत, दुकानही नाही. तो गुरुवार तेवढा डोळ्यांपुढून हलत नाही. मामांनी धोतराचा सोगा डोळ्यांना लावला, आणि या वेळी त्यांनी न सांगताच मी तोंड फिरवलं.