पिझ्झा आणि रश्श्याची किटली

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, आयुष्यात विश्वास टाकला तो फक्त म्हशीवर, आणि तीही डोळ्यांसमोर उभी असेल तरच. संध्याकाळी, म्हशी समोर उभ्या करून धार काढतात त्या दूध कट्ट्यावर, धारोष्ण दूध प्यायला सगळं कोल्हापूर जातं, पण घरून धुतलेला पेला नेणारे हेच एक. आधी धार काढणाऱ्याचे हात बघायचे, मग म्हशीला काय चारलं ते विचारायचं, आणि म्हैस खुशीत दिसली तरच पेला पुढे करायचा. पहिला घोट स्वतः घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि मग पेला ताईकडे द्यायचा. लग्नाला गेले की मांडवात शिरण्याआधी दाजी आचाऱ्याकडे जातात. एकदा एका आचाऱ्यानं त्यांना सरकारी साहेब समजून खुर्ची दिली आणि घाईघाईनं तेलाचे डबे झाकले. दाजींचा संशय त्या दिवशी जो पक्का झाला तो झालाच.

अशा माणसाशी संसार केल्यामुळे ताई कधी हॉटेलात जेवली नव्हती. मी त्यांच्याच माडीवर एकटा राहतो, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं. मंगळवार पेठेत आमच्या कोपऱ्यावर पिझ्झाचं दुकान निघालं आणि ताईनं प्रथमच आवाज चढवला.

"एकदा तरी दुसऱ्यानं केलेलं, दुसऱ्यानं वाढलेलं, गरम गरम खायचंय मला. तुम्ही न्हाई आलासा तर भावासंगं जाते."

दाजी म्हणाले, "मी बी येतो. लक्ष ठेवाय कोणतर पायजेच की."

आम्हा दोघांबरोबर आले, पण हातात तांबड्या रश्श्याची किटली घेऊन. जेवण म्हटलं की रस्सा आलाच, आणि हॉटेलच्या रश्श्याचा काय भरवसा? बाहेर जेवायचं म्हणून बिचारी ताई दुपारभर घरी रस्सा करत होती!

"पावणं, भट्टी दावा," दाजींनी मालकाला दारातच गाठलं. मालक पेठेतलाच, हसत आत घेऊन गेला.

"जाळ कुठाय?"

"करंटवर हाय, काका."

"जाळ न्हाई, धूर न्हाई, मग भाजतंय कशानं? आणि हे चीज कशाचं?"

"म्हशीच्या दुधाचं."

"कुठल्या म्हशीच्या?"

मालक डोकं खाजवू लागला. दाजी माझ्याकडे बघून सूचक खाकरले.

पिझ्झा आला. ताईनं हात पुढे केला, तसा दाजींनी तो धरला. "थांब." स्वतः एक तुकडा खाल्ला आणि डोळे मिटून बसले. वाफ गेली, चीज घट्ट झालं, तरी डोळे मिटलेलेच. ताईचा चेहरा बघवेना. मला रागच आला.

"दाजी, तिला गरम खायचं होतं हो!"

"म्हाईत हाय," ते डोळे न उघडता म्हणाले. "पर काय व्हायचं ते मला हुंदे. तिला कशाला?"

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. थोड्या वेळानं त्यांनी पोट चाचपलं. "खा आता. काय झालं न्हाई."

"दुसरा गरम आणू का?" मालकानं विचारलं.

"नगं," ताई हसत म्हणाली, "त्यो बी गारच हुईल." आणि तिनं गार पिझ्झा गार रश्श्यात बुडवून अगदी मन लावून खाल्ला.

हल्ली मी अधूनमधून त्या दुकानात एकटाच जातो. पिझ्झा आला की वाफा निघत असतानाच खातो. थांब म्हणणारं समोर कुणी नसतं.