वेणीला लागलेला हात

आमच्या कॉलेजची ती सुरुवातीची वर्षं होती. मुलं कमी, त्यात खेळणारी आणखी कमी. म्हणून आम्ही मोजकेच जण कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, धावणं, सगळीकडे जायचो. सकाळी गोळाफेक करून दुपारी त्याच घामेजल्या बनियनवर दुसरा नंबर टाचून मी रिले धावलो आहे. या सगळ्यामुळे शहापूर तालुक्यात माझं नाव झालं. पण मैदानावर मी आणखी काही शिकलो, ते कुठल्या प्रमाणपत्रावर नाही. व्हॉलीबॉलच्या नेटला लागलेला हात पंचाला दिसायच्या आत कसा मागे घ्यायचा. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा हात आपल्याला लागला, तरी पंचाकडे न बघता कसं उभं राहायचं.

पुढे मी कबड्डीचा प्रशिक्षक झालो, आणि मला सगळेच माझ्यासारखे वाटू लागले. कोणी लंगडला की आधी मनात यायचं, नाटक करतोय. कोणी घरचं लग्न सांगितलं, की मी त्याच्या शेजाऱ्याला फोन करायचो. याला मी अनुभव म्हणत होतो.

गेल्या हिवाळ्यात आमचा मुलींचा संघ मुरबाडला उपांत्य सामना खेळत होता. शेवटची मिनिटं, गुण बरोबरीत. समोरची मुलगी चढाईला आली, हात फिरवून परत गेली. पंचांनी कोणाला बाद दिलं नाही. ती चढाई करणारीही मान खाली घालून मागे वळली होती. तेवढ्यात आमची शेणवे गावची मुलगी, आमची कोपऱ्यातली सगळ्यात भरवशाची खेळाडू, हात वर करून स्वतःहून बाहेर चालत गेली. पंचांनी समोरच्यांना गुण दिला. आम्ही एका गुणाने हरलो.

समोरचा संघ तिच्या मामाच्या गावचा होता. सामन्याआधी तिला त्यांच्यातल्या दोघींशी हसून बोलताना मी पाहिलं होतं. परतीच्या जीपमध्ये मुली तिला टोचून बोलत होत्या.

"मामाला पॉइंट दिलास गो. आता मामी साडी देल."

"साडी कसली, मामाचा पोरगाच देतील."

सगळ्या हसल्या. तीही हसली. तिच्या त्या हसण्याचाच मला संशय आला. पुढच्या आठवड्यात ती नवे बूट घालून सरावाला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "मामानी दिले," ती म्हणाली. माझ्या दृष्टीने तिथेच सगळं सिद्ध झालं. पुढच्या स्पर्धेच्या संघातून मी तिला वगळायचं ठरवलं. कारण कोणालाच सांगितलं नाही. ती मात्र रोज यायची, बाहेर बसायची, मुलींच्या बाटल्या भरून आणायची. अपराधी माणसं अशीच जास्त कामं करतात, असं मला वाटत राहिलं.

शेवटी मी तिला बाजूला बोलावलं.

"पंचांना दिसलं नव्हतं. त्या पोरीलाही कळलं नव्हतं. मग बाहेर का गेलीस?"

"हात लागला होता ना सर. वेणीला."

"वेणीला?"

"जराशी ओढली गेली. मला कळलं."

"आणि हे कोणी शिकवलं तुला?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चेष्टाच करतोय. "तुमीच. पयल्या दिवशी. लागला तर आपणच हात वर करायचा, असं बोललात ना?"

बोललो होतो. दर वर्षी पहिल्या दिवशी बोलतो. मुलं ऐकतात आणि विसरतात, मीही विसरतो. तिने ते खरं धरलं होतं.

तिथेच तिची माफी मागायला हवी होती. मला मात्र पुढची स्पर्धा दिसत होती. मी म्हणालो, "ते सरावापुरतं. सामन्यात पंच बोलावतील तेव्हाच जायचं. हे जमणार असेल तर तू संघात आहेस."

"नि पंचांना नाय दिसलं तर?"

"तर तू बाद नाहीस."

ती थोडा वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली. मग "बरं सर" म्हणाली.

ती स्पर्धा शहापूरलाच झाली. पंच म्हणून उभा होता माझा कॉलेजातला जोडीदार, माझ्याच संघात खेळलेला. पुन्हा शेवटची मिनिटं आली, आमच्याकडे एका गुणाची आघाडी होती. चढाईवाल्या मुलीची बोटं आमच्या त्याच पोरीच्या खांद्यावरून घसरली. मी ते नीट पाहिलं. ती मुलगी परत जाऊन "लागला, लागला" म्हणत राहिली. पंच आमच्या पोरीजवळ आला.

"लागला का गो?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी वाकून पाण्याची बाटली उचलली. बाटली भरलेली आहे की रिकामी, हेही मला कळत नव्हतं.

"नाय," ती म्हणाली.

आम्ही जिंकलो. मुलींनी तिला उचलून घेतलं. पंच घाम पुसत माझ्याकडे आला.

"खरं सांगू? मला वाटलं होतं लागला."

"मग बाद का नाही दिलंस?"

"अरे, ती नाय बोलली ना. मुरबाडला काय केलं तिनी, समदे सांगतात. अशी पोरगी खोटं कशाला बोलंल?" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "चांगलं वळण लावलंस हां. आपण असे नव्हतो."

त्या वेळी खरं काय ते बोललो असतो तर तिला पुढच्या सामन्याआधी परत जुन्या वळणावर आणता आलं असतं. मी म्हणालो, "पोरगी चांगली आहे." ती माझ्या मागेच, हाताच्या अंतरावर उभी होती. तिने ते ऐकलं. मग ती मुलींमध्ये जाऊन बसली आणि कोणीतरी काही म्हटल्यावर मोठ्याने हसली. ते हसणं खरं होतं की नाही, मला ओळखता आलं नाही.